दुरुस्तीयोग्य

दरवर्षी मार्च महिना संपत आला की आमच्या हायस्कुलात एक समारंभ पार पडतो. त्याला पाहुणे नसतात, हारतुरे नसतात, फोटोग्राफरही नसतो. मी, आमचे हेडक्लार्क आणि एक शिपाई असे तिघेजण डेडस्टॉकचे जाडजूड रजिस्टर घेऊन खोली-खोली हिंडतो आणि शाळेच्या प्रत्येक वस्तूसमोर उभे राहून तिचे भवितव्य ठरवतो. शेरे तीनच. 'चालू', 'दुरुस्तीयोग्य' आणि 'निर्लेखनयोग्य'. तीन पायांचे स्टूल, दांडा मोडलेला पृथ्वीचा गोल, भाता फाटलेली पेटी, काटा अडकलेले घड्याळ, साऱ्यांची वासलात या तीन शब्दांत लागते. खरे सांगायचे तर 'निर्लेखनयोग्य' हा शेरा लिहायला सर्वांत सोपा. तो लिहिला की वस्तू उघडून पाहावी लागत नाही. 'दुरुस्तीयोग्य' लिहिले की मात्र पुढची कटकट सुरू होते. काय मोडले, कसे मोडले, कोणी मोडले आणि खर्च कोणत्या खाती टाकायचा, या सगळ्याची उत्तरे द्यावी लागतात.

गेली कित्येक वर्षे मी हे शेरे मारत आलो. पण हाच प्रश्न एक दिवस माझ्या घरच्या वस्तूबाबत माझ्यासमोर येऊन उभा राहील आणि उत्तर देताना माझी लेखणी अडखळेल, असे कधी वाटले नव्हते.

यंदाच्या मे महिन्यातील गोष्ट. आमचा पुतण्या पुण्याला असतो. सुटीला तो सहकुटुंब बेळगावला आला होता. त्याची अकरा वर्षांची मुलगी तिकडे गिटारच्या क्लासला जाते. ती येतानाच आपली गिटार आणि शाळेच्या दप्तराएवढा एक अॅम्प्लिफायर घेऊन आली होती. दोन दिवसांत घराचा कोपरान् कोपरा तिने धुंडाळला आणि माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेआड ठेवलेली एक लांबट, काळी पेटी खाली काढायला लावली. पेटीत तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची हवाईयन गिटार होती.

दादा जाऊन आता दोन वर्षे झाली. पोस्टात नोकरी केली, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने तरुणपणी गावातल्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवली होती, हे नातीला ऐकून ठाऊक होते. पण वाजवलेले कुणी ऐकले? तिच्या बापानेसुद्धा नाही. पोरीने गिटार पुसली, आपल्या गिटारीची वायर तिला जोडली, अॅम्प्लिफायर सुरू केला आणि तार छेडली. लाकडाचा बारीकसा टणत्कार तेवढा झाला. अॅम्प्लिफायरमधून काहीच नाही.

"बाबा, आजोबांची गिटार मुकी आहे," ती म्हणाली.

पुतण्याने वायर हलवून पाहिली, बटणे फिरवून पाहिली आणि निदान केले, "पिकअप गेलाय, काका. काही नाही, नवीन टाकू. दीड-दोन हजारांत मिळतो. ऑनलाइन मागवला तर चार दिवसांत दारात."

वहिनी माजघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच ठरवा काय ते. त्यांच्या गिटारीतलं तुम्हालाच ठाऊक."

आणि मी एका क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "नवीनच टाकू. जुन्याच्या मागं कशाला लागायचं?"

इतका चटकन निर्णय मी शाळेच्या मोडक्या बाकाबद्दलसुद्धा घेतलेला नाही. तो का घेतला हे त्या घरात मला एकट्यालाच माहीत होते. पण ते सांगण्याआधी या हवाईयन गिटारीविषयी थोडे सांगायला हवे. कारण आजच्या मुलांनी हे वाद्य बहुधा पाहिलेलेही नसेल.

ही गिटार छातीशी धरून वाजवत नाहीत. मांडीवर किंवा टेबलावर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत दांडू धरून तो तारांवरून सरकवायचा. पडदे दाबायचे नाहीत, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग घसरत जाता येते. आपल्या गाण्यातली मींड तिच्यातून सहज निघते. हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू या तरुणाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती सुचली, असे मानतात. विशेष म्हणजे विजेवर चालणारी, बाजारात विक्रीला आलेली पहिली गिटार हीसुद्धा हवाईयनच होती. जॉर्ज बीचम याने १९३१ साली अमेरिकेत तिची घडण केली. ती अॅल्युमिनियमची होती आणि दिसायला लांब दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून तिचे नावच 'फ्राइंग पॅन' पडले. तिचे पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

आपल्याकडे या वाद्याने फार लवकर घर केले. व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली यांनी सिनेमातील गाणी या गिटारीवर वाजवली आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे, तीही अशीच आडवी ठेवून वाजवलेली. आमच्या लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये मोकळा वेळ उरला की गिटारीवरची धून लागत असे. दादाला हे वेड त्या धुनांनीच लावले. कॅम्पात राहणाऱ्या एका गोवेकर मास्तरांकडे तो शिकला, पोस्टात लागल्यावर पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून त्याने ही गिटार घेतली आणि १९७८-७९ च्या सुमारास वाद्यवृंदात वाजवू लागला.

घरी अॅम्प्लिफायर नव्हता. आमच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके होती, त्यांत गिटारीची वायर खुपसून दादा सराव करी. आधी एक बारीक घुंऽऽ असा आवाज घरभर पसरे. मग दादा गिटार मांडीवर घेऊन खुर्चीसकट थोडा इकडे, थोडा तिकडे वळे. वळता वळता एका दिशेला आला की ती घुरघुर जवळजवळ थांबे, आणि मगच तो वाजवायला सुरुवात करी. ती दिशा नेमकी देवघराची होती. नव्या नवरीच्या रूपात १९८१ साली घरात आलेल्या वहिनींना वाटे की नवऱ्याची देवावर भारीच श्रद्धा आहे, देवाकडे तोंड केल्याशिवाय वाद्याला हात लावत नाही. दादाने तो गैरसमज कधी दूर केला नाही.

आता माझी गोष्ट. १९८४ चा गणेशोत्सव. मी सोळा वर्षांचा, नुकताच कॉलेजात गेलेला. आमच्या भागातल्या मंडपात संध्याकाळी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि दादाच्या वाट्याला प्रथमच दोन स्वतंत्र धुना आल्या होत्या. दादा सकाळी ऑफिसला गेला. मी गिटार पाहिली तर पिकअपवरचे पत्र्याचे झाकण पावसाळी हवेने हिरवट-काळे पडलेले. माझ्या मनात आले, आज सारा गाव दादाकडे बघणार. झाकण घासूनपुसून लख्ख करावे, त्याला चकित करावे. मी शिवणयंत्राच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर घेतला, दोन स्क्रू काढले, झाकण उचलले. आत पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधलेले तांबूस तारेचे एक गुंडाळे होते. झाकण घासले, परत बसवायला घेतले. दोऱ्याचे एक टोक सुटून वर आले होते, ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आत सारावे म्हणून हात जवळ नेला, आणि काय होतेय हे कळायच्या आत आतल्या चुंबकाने ते टोक खस्सकन ओढून घेतले. गुंडाळ्याच्या अंगावर एक आडवा ओरखडा उठला. जेमतेम नखाएवढा.

मी त्याकडे पाहत राहिलो. मग झाकण बसवले, स्क्रू घट्ट केले आणि गिटार पेटीत ठेवून दिली. इतकासा तर ओरखडा, त्याने काय होणार, अशी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी दादा मंचावर बसला. निवेदकाने नाव पुकारले, टाळ्या झाल्या. दादाने दांडू तारांवर ठेवला, तार छेडली. आवाज नाही. वायर काढून घातली. आवाज नाही. अॅम्प्लिफायरवाल्याने दुसरी वायर दिली. मंडपात कुजबुज सुरू झाली, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अखेर अॅकॉर्डियनवाल्याने तीच धून उचलली आणि दादा गिटार पेटीत घालून मागच्या शिडीने खाली उतरला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

"सर्दी धरली असेल, पावसाळी हवा," एवढेच तो घरी म्हणाला. मी गप्प राहिलो. त्यानंतर गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. पुढे वाद्यवृंदात इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आला, हवाईयन गिटारीची गरजच उरली नाही, मुलाच्या जन्मानंतर संसारही वाढला. दादाने गिटार का सोडली याची अशी बरीच कारणे मी माझ्यापुरती गोळा करून ठेवली होती. त्याच दादाने माझी कॉलेजची फी भरली, मला धारवाडला ठेवून एम.ए. केले. आणि पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. काच फोडलेल्या, शाई सांडलेल्या मुलांना समोर उभे करून 'खरं सांग, मी मारणार नाही' असे तीस वर्षे सांगत आलो.

नवीन पिकअप बसवायचा म्हणजे जुना काढून टाकायचा. तो कोणी उघडून पाहणार नाही. मे महिन्यातला माझा तो झटपट निर्णय यासाठी होता.

परंतु नवा पिकअप आला आणि बसेना. आमच्या गिटारीतला खाचा अरुंद आणि लांब, नव्याचा सांगाडा रुंद. शिवाय त्याच्या चुंबकांतील अंतर निराळे, दोन तारा चुंबकांच्या मधोमध येऊ लागल्या. बसवायचा तर पटाशीने लाकूड तासणे भाग होते. पुतण्या म्हणाला, "एखाद्या सुताराकडून करून घ्या काका." सुटी संपली, ते पुण्याला गेले. गिटार आणि नवा पिकअप माझ्या टेबलावर राहिले. लाकूड तासायला माझा हात धजेना. एकदा कापलेले लाकूड परत भरून येत नाही. जुन्याला आपण परतीची वाट तरी ठेवावी, असे वाटू लागले.

शेवटी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गिटार घेऊन गेलो आणि आमच्या विज्ञानाच्या सरांपुढे ठेवली. त्यांना मूळ हकिगत सांगितली नाही. दहावीच्या वर्गाला ते विद्युतचुंबकत्व शिकवतात, त्यामुळे त्यांना आनंदच झाला. त्यांनी मला विद्यार्थी समजून समजावले: खाली चुंबक, त्यावर लोखंडाचे सहा खिळे, भोवती तांब्याच्या तारेचे वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवले तेच हे. ती वीज अॅम्प्लिफायर मोठी करतो. तार केसाइतकी बारीक, मिलिमीटरच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाएवढी, आणि अशा पिकअपमध्ये वेढे साधारण सात-आठ हजार. सगळी उलगडली तर किलोमीटरभर भरेल.

मग त्यांनी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणून दोन टोके लावली. तार अखंड असेल तर पाच-सहा हजार ओहम दिसायला हवेत. मीटरने काहीच दाखवले नाही. "कुठंतरी तुटलीय, सर," ते म्हणाले. टाचणी जवळ नेली तर ती टपकन खिळ्याला चिकटली. "पण चुंबक शाबूत आहे. म्हणजे आता प्रश्न एवढाच की तार तुटली कुठं? बाहेरच्या थरात तुटली असेल तर खराब वेढे काढून जोडता येईल. आत तुटली असेल किंवा ओलीनं हिरवी पडली असेल तर सगळी काढून नवी गुंडाळावी लागेल. तेही जमलं नाही तर नवा पिकअप. पण सर, उघडून बघितल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. मी म्हणालो, "नको. जाणत्या माणसाकडं नेतो."

उद्यमबागेच्या अलीकडे एका बोळात पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे एक गृहस्थ आहेत. वय सत्तरीच्या घरातले. घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांची दोन नातवंडे आमच्या शाळेतून शिकून गेली. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर यांच्या ढिगाऱ्यात ते बसलेले असतात. मी गिटार पुढे केली तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हेडसर, आमची तार म्हणजे ह्याच्यापुढं दोरखंड की! पंख्याची तारसुद्धा ह्याच्याहून जाड. एवढी बारीक तार माझ्याकडं नाही बघा. पण पूर्वी रिलेची कॉइल मी करत होतो. ठेवून जावा."

"नको," मी म्हणालो, "मी बसतो." का कोण जाणे, ते उघडताना आपण तिथे असले पाहिजे असे वाटले.

त्यांनी आधी पितळेचा स्क्रू ड्रायव्हर शोधून काढला. "लोखंडाचा ह्याच्याजवळ आणायचा नाही. चुंबक ओढतंय आणि तार कापतंय." मी मान हलवली. त्यांनी झाकण उचलले. दिव्याखाली धरले. बराच वेळ पाहिले.

"हे गंजून गेलेलं न्हवे, हेडसर. कुणीतरी कापलंय. ओरखडा आहे बघा सरळ."

"होय," मी म्हणालो. "मीच."

एकेचाळीस वर्षांत तो शब्द प्रथम उच्चारला गेला, तोही जळक्या वॉर्निशच्या वासात, एका परक्या माणसासमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "आणि नंतर हे पट्टी कुणी लावली? तुम्हीच?"

"कसली पट्टी?"

त्यांनी पिकअप माझ्याकडे वळवला. ओरखड्यावरून, दोन्ही बाजूंनी बोटभर पुढे जाईल अशी, तपकिरी डिंकाच्या कागदाची एक पट्टी नीट गुंडाळलेली होती. ओरखड्याचे एक टोक तिच्याखालून बाहेर डोकावत होते. पार्सलांना लावायची ती पट्टी. आमच्या घरात असल्या पट्टीचे भेंडोळे एकाच माणसाच्या टेबलावर असे.

"शहाण्या माणसानं लावलीय," ते म्हणाले. "हे नसतं तर कापलेली टोकं उसवून सगळा गुंता झाला असता. फेकूनच द्यायची पाळी. पट्टीमुळं आतलं जसंच्या तसं राहिलंय."

म्हणजे दादाने पिकअप उघडला होता. ओरखडा पाहिला होता. झाकण लख्ख घासलेले पाहून तो कोणी केला हेही त्याला क्षणात कळले असणार. आणि त्याने त्यावर पट्टी लावली, झाकण बंद केले आणि 'सर्दी धरली असेल' असे म्हणून विषय मिटवला.

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. गृहस्थांनी पट्टी ओली करून हळूच सोडवली. कापलेले वेढे एकेक करून निघू लागले. ओरखड्याने ते एका जागी छेदले गेले होते, त्यामुळे प्रत्येक वेढा म्हणजे टीचभर लांबीचा सुटा तुकडा. फणीत केस यावेत तसे ते त्यांच्या बोटांत येत होते. एकावर एक असे तीन थर निघाले. त्याखाली अखंड तार लागली. त्यांनी पॉलिश पेपरने तिच्या टोकावरचे इनॅमल अलगद खरवडले, मीटर लावला. आकडा स्थिर झाला: पाच हजार सहाशे.

"जिवंत आहे," ते म्हणाले. "अंदाजे साडेचारशे वेढे गेले असतील. आवाज जरासा उतरेल. बास, बाकी काही नाही. काय करू? जोडू, की सगळं नवीन तारेनं भरून देऊ? नवीन तार मागवावी लागेल, आवाज पूर्ण येईल."

पुन्हा तोच प्रश्न. पण आता त्याचे उत्तर मला अडले नाही. जी किलोमीटरभर तार दादाने पट्टी लावून सांभाळून ठेवली होती, ती उलगडून फेकायचा अधिकार मला नव्हता. आवाज थोडा उतरला तर उतरू दे. जे माझ्या हातून गेले ते गेलेलेच दिसू दे. मी म्हणालो, "जोडा."

त्यांनी टोकाला लवचिक तार डाग देऊन जोडली, वर सुती दोरा घेतला. मग मेणबत्तीचे मेण आणि थोडे मधमाशीचे मेण एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्यात ठेवला. मेण वितळले की त्यात पिकअप बुडवून ठेवायचा, म्हणजे ते वेढ्यांच्या फटींत शिरते, तार आत हलत नाही आणि अॅम्प्लिफायर मोठा केला तरी किंचाळत नाही. डबा सरळ आगीवर ठेवायचा नाही, नाहीतर जुना सांगाडा वाकतो. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. आपल्या जुन्या कामावरून त्यांनी ताडले होते. पैसे विचारले तर म्हणाले, "मोटार असती तर सांगितलं असतं. हे आमच्या दरात बसत नाही." फार आग्रह केला तेव्हा शंभर रुपये घेतले.

घरी आलो. वहिनी वाती वळत बसल्या होत्या. गिटार खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो. सारे सांगितले. झाकण, स्क्रू ड्रायव्हर, मंडप, तिसरी रांग, आणि शेवटी ती पट्टी. त्यांचा हात वाती वळायचा थांबला नाही.

"मला कधी बोलले नाहीत," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "त्या रात्री जेवले नव्हते, एवढं आठवतं. तुमच्यावर राग होता असं मात्र कधी दिसलं नाही. तुमची फी भरायला गेले की उलट खुशीत परत यायचे."

मला वाटले, आता त्या 'जाऊ दे, भाऊजी' म्हणतील. त्या म्हणाल्या, "पण सांगायला पाहिजे होतं तुम्ही. मारलं नसतं त्यांनी. तुम्ही बोलला असता तर त्यांनी ती दुरुस्त करून आणली असती. तुम्ही बोलला नाही म्हणून त्यांनाही दुरुस्तीला टाकता आली नाही. टाकली असती तर कोणी कापली असं दुकानदारानं विचारलंच असतं ना."

मी अनेक निकाल ऐकले आहेत, दिलेही आहेत. इतका नेमका निकाल मी ऐकलेला नाही. दादाने मला सांभाळले आणि त्यासाठी आपली गिटार मुकी ठेवली. मी बोललो असतो तर दोन्ही वाचले असते. ही गोष्ट कोणत्याही मेणाने भरून निघणारी नाही, आणि निघावी असेही आता मला वाटत नाही.

यंदा गणपतीला पुतण्या सहकुटुंब आला. आरती झाल्यावर नातीने गिटार मांडीवर घेतली. दांडू दादाचाच. अॅम्प्लिफायर सुरू केला आणि घुंऽऽ असा बारीक आवाज घरात पसरला. स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातली पळी थांबली. अजून एकही सूर वाजला नव्हता. पण त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. "हाच," त्या म्हणाल्या, "अगोदर हाच यायचा."

मी नातीला म्हणालो, "थोडी वळून बस. हळूहळू वळ, आवाज कमी होईल तिथं थांब." तिला ते कळेना. मग मी सांगितले की असल्या एका कॉइलच्या पिकअपला घरातल्या विजेच्या तारांची घुरघुर ऐकू येते, पण सगळ्या दिशांनी सारखी नाही. ती खुर्चीसकट वळत गेली. आवाज बारीक होत होत जवळजवळ नाहीसा झाला तेव्हा तिचे तोंड देवघराकडे नव्हते, रस्त्याकडच्या खिडकीकडे होते. मध्यंतरी आम्ही घराचे सारे वायरिंग बदलून घेतले आहे.

वहिनींनी देवघराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि त्यांच्या तोंडाला पदर गेला. दादा गेल्यानंतर त्यांना इतके मोकळेपणाने हसताना मी प्रथमच पाहिले. "म्हणजे ते देवासाठी नव्हतंच होय!" त्या म्हणाल्या.

पोरीने वाजवले ते फारसे सुरात नव्हते. दांडू सरकवणे तिच्या हाताला नवीन आहे, दोन्ही धुना शिकायला तिला वेळ लागेल. आवाज थोडा उतरलेला आहे, हे मला ऐकू आले, तिला नाही. न बसलेला नवा पिकअप मी काळ्या पेटीच्या कप्प्यात ठेवून दिला आहे. उद्या जुना खरोखरच थकला तर तो लागेल. त्या वेळी लाकूड तासायचे की नाही हे तिने ठरवावे. ती तपकिरी पट्टी मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पुढच्या मार्चअखेरीस मी पुन्हा रजिस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडेन. निवृत्तीला फार वर्षे राहिलेली नाहीत. हेडक्लार्कना मी आताच सांगून ठेवले आहे की यंदा कोणत्याही वस्तूवर 'निर्लेखनयोग्य' असा शेरा लिहिण्यापूर्वी ती एकदा माझ्यासमोर उघडायची. त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले. वेळ फार जाईल, असे ते म्हणाले.

जाऊ दे म्हटले.